कुंदानं पान खाल्लं त्या दिवशी

माडीवरची गिरिजा बाळंतपणाला गदगला गेली,
जाताना किल्ली दिली, आणि कुंडी:
गुरुवारी एक तांब्या, जास्त नको,
ऊन नको, वारा नको, आणि अक्का,
बोलला तर चालतंय त्याच्याशी.
रुंद पानं, हिरव्यावर दूध सांडल्यागत ठिपके.
मी ती मशीनजवळ ठेवली,
फॉल लावता लावता बोलायला.

कुंदाला कुणी विचारलं नव्हतं.

कुंदा म्हणजे कुत्री आमची.
कढईत आटत आलेल्या दुधाच्या रंगाची,
म्हणून हे नाव. हाक मारली
की अख्ख्या गल्लीला भूक लागते.

शनिवारी, दुपारचे सव्वातीन.
वीज गेलेली, वडगावातले माग गप्प,
म्हणून तर ऐकू आली ती कचकच.
वळून बघते तर पान अर्धं,
देठावर दातांची टीप, सरळ आणि बारीक,
आणि कुंदाच्या तोंडाला फेस.
पंजानं जीभ खरवडत होती,
जिभेला दोरा गुंतल्यागत.

मला अळू आठवलं.
चिंच घालायची विसरले होते एकदा,
तेव्हा घशात उभ्या राहिलेल्या
त्या न दिसणाऱ्या सुया.
हे झाड अळूच्याच भावकीतलं, हे नंतर कळलं.
हात मात्र आधी हलले.

भरमाण्णा खालनं ओरडला,
मीठपाणी पाज, ओकून टाकू दे!
एरवी मी ऐकते त्याचं. खरं त्या दिवशी नाही.
जे जाताना टोचलं
ते वर येतानाही टोचणारच की.

अस्तराचा तुकडा ओला केला,
हिरड्यांवरनं, जिभेखालनं, गालाच्या खिशातनं
हिरवा चोथा काढला.
बोटात अंगुस्तान होतं, तरी तिनं चावलं नाही.
थंड पाणी. मग चमचाभर दही.
उरलेलं पान पिशवीत घातलं, साक्षीदार म्हणून,
आणि रिक्षा.

दवाखान्याची पाटी कन्नडमध्ये,
खाली खडूनं मराठीत, चपला बाहेर.
कल्लोळीमठ डॉक्टरबाईंनी तीनच प्रश्न विचारले.
एन तिंत? यावाग? एष्ट?
काय, कधी, किती.
इतके सरळ प्रश्न मला आजवर
कुणी विचारले नव्हते.
मी पान पुढं केलं. सव्वातीन म्हटलं. अर्धं म्हटलं.
पान आणलंत ते बरं केलंत, म्हणाल्या.
आणि मग: बायि तेगि.

लग्न होऊन चंदगडहून आले तेव्हा
बायि म्हणजे तोंड, हे कळायला महिना गेला होता.
मला वाटायचं, सगळे मलाच हाक मारतात.
त्याला तीस वर्षं झाली,
खरं त्या दिवशी परत
कुंदाच्या आधी माझंच तोंड उघडलं.
डॉक्टरबाई हसल्या नाहीत.
टॉर्च तेवढा अलगद तिच्याकडं वळवला.

जीभ सुजलीय, श्वास बरा आहे.
इंजेक्शन.
धाप लागली, घोट गिळेना झाला,
तर घड्याळ बघायचं नाही, उचलून आणायचं.
आणि एक-दोन दिवस भुंकेल न भुंकेल.

भुंकली नाही.
दूधवाला आला, भरमाण्णाची मांजर आली,
वसुलीवाला आला भिशीचा.
तिनं सगळ्यांना नुसतं बघून घेतलं,
आणि त्यांनाच ते जड गेलं.

सोमवारी गिरिजाचा फोन.
मागं बाळ रडत होतं, नवं, बेसूर.
अक्का, झाड हेंग ऐति?
मी कुंदाकडं बघितलं, कुंदानं भिंतीकडं.
त्या पानाचा गुण मला न खाताच लागला,
जीभ टाळूला चिकटली.
आहे, म्हटलं.
पुढचं वाक्य दोन्ही भाषांत सापडेना.

पलीकडं बाळ गप्प झालं.
गिरिजा थोडं थांबली,
मग अगदी हळू विचारलं तिनं,
एष्ट?

अर्धं, मी म्हटलं.

कुंडी आता कपाटावर आहे.
गुरुवारी स्टुलावर चढून पाणी घालते.
बोलते मात्र खालनंच,
म्हणजे दोघांनाही ऐकू जातं.